दुभाष्याच्या तोंडची भाषा

१९४५ च्या नोव्हेंबरात न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला सुरू झाला. कामकाज इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी चाले. दुभाषे कानाला हेडफोन लावून ऐकत आणि ऐकता ऐकताच बोलत. वक्ता सुसाट सुटला की पिवळा दिवा लागे: जरा सावकाश. लाल लागला की थांबायचं.

त्या पिवळ्या दिव्यातच या कामाचं मर्म आहे. लेखी भाषांतर करणारा कोश उघडतो, वाक्य खोडतो, चहा पिऊन परत येतो. दुभाषा मात्र वक्त्याच्या मागे जेमतेम दोन-चार सेकंद असतो. एक वाक्य तोंडात, पुढचं कानात. म्हणून साधारण अर्ध्या तासाने शेजारचा जोडीदार माइक घेतो.

या घाईचा ठसा थेट वाक्यरचनेवर उमटतो. आपल्या मराठीतच बघा. भाषांतरकार लिहील, 'गेल्या वर्षी मांडलेला आणि तेव्हापासून रखडलेला प्रस्ताव समितीने फेटाळला.' इंग्रजी वक्त्याच्या तोंडून मात्र समिती आणि फेटाळणं आधी येतं, प्रस्तावाची कुंडली मागाहून. दुभाषा म्हणतो, 'समितीने प्रस्ताव फेटाळला. तो गेल्या वर्षी आला होता. तेव्हापासून रखडला होता.' मोठ्या वाक्याचे असे तुकडे केले की डोक्यावरचा भार हलका होतो. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

उलट दिशेने जाताना खरी कसोटी. मराठी वक्ता 'या मागणीला सरकार पाठिंबा' इथवर आला, तरी पुढे 'देईल' की 'देणार नाही' हे कळायला शेवटचा शब्द यावा लागतो. जर्मनमध्येही क्रियापद अनेकदा असंच टोकाला जाऊन बसतं. दुभाष्याने थांबावं, की अंदाज बांधून पुढे जावं? थांबला तर वाक्याच्या मधोमध, एरवी कुणी थांबणार नाही अशा जागी खंड पडतो. आपणही बोलताना अडखळतो, पण ते स्वतःचा विचार जुळवताना. दुभाष्याला दुसऱ्याच्या विचाराची वाट पाहावी लागते.

मग ही भाषा बोली म्हणायची की लेखी? इस्रायलच्या भाषांतर-अभ्यासक मिरियम श्लेझिंगर यांनी १९८९ मध्ये हिब्रू आणि इंग्रजीतली भाषणं तपासली. दुभाष्याच्या तोंडून जाताना ऐसपैस बोली भाषण थोडं लेखी वळणाचं होत होतं आणि कागदावरून वाचलेलं जड भाषण बोलीकडे झुकत होतं. दोन्ही टोकं मधे सरकत होती.

युरोपीय संसदेने अभ्यासकांना आणखी एक दुर्मीळ संधी दिली. तिथली भाषणं दुभाषे जागेवर सांगत आणि पुढे बरीच वर्षं त्यांच्या संपादित इतिवृत्ताचं लेखी भाषांतरही होई. एकाच भाषणाची ही दोन रूपं शेजारी ठेवली, तेव्हा दुभाष्याची शब्दसंपदा अधिक साधी आणि रोजच्या वापरातली निघाली. हाताशी दोन सेकंद असताना जो शब्द आधी ओठांवर येतो, तोच सभागृहात ऐकू जातो.