टँक

टँक : इंग्रजीतील नाम व क्रियापद. नाम म्हणून मुख्य अर्थ द्रव किंवा वायू साठवण्याचे मोठे पात्र, म्हणजे टाकी. भारतीय इंग्रजीत याशिवाय तळे, देवळाची तळी. लष्करी परिभाषेत रणगाडा. गोव्यातील विद्यार्थ्याला हा शब्द परका वाटत नाही आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. स्लॅबवरची टाकी (कोकणीत टांकी) आणि पुस्तकातला टँक एकच, असे तो धरून चालतो.

व्युत्पत्ती : या शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने त्याला एक भारतीय व एक युरोपीय असे दुहेरी मूळ असलेला, कोड्यात टाकणारा शब्द मानले आहे. भारतीय बाजूला गुजराती ‘टांकुं’ व मराठी ‘टांके, टाके’ आहेत. विल्सन यांच्या महसुली व न्यायालयीन शब्दांच्या कोशात (१८५५) हे दोन्ही सापडतात. गुजरातेतील टांकुं म्हणजे बहुधा घराच्या चौकाखाली चुन्यात बांधलेला पावसाच्या पाण्याचा साठा. सह्याद्रीच्या गडांवरचे टाके मात्र कातळात खोदलेले असते. संस्कृत ‘टङ्क’ म्हणजे छिन्नी, पाथरवटाची टाकीही तीच. म्हणून टाकीने खोदले ते टाके, असा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो अशक्य नाही, पण सावधगिरी हवी. कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांच्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’, ‘पानियपोढी’ म्हटले आहे. वस्तू जुनी असली म्हणून तिचे आजचे नावही तेवढेच जुने ठरत नाही.

युरोपीय बाजूला पोर्तुगीज ‘तांक’ आहे. त्याचा संबंध ‘इश्तांकार’ (वाहते पाणी अडवणे) या क्रियापदाशी लावतात. तळे या अर्थाचा स्पॅनिश ‘एस्तांके’ त्याच घराण्यातला. पुष्कळ अभ्यासक हा धागा लॅटिन ‘स्ताग्नुम’ (साचलेले पाणी) या शब्दापर्यंत नेतात, पण हा शेवटचा दुवा निर्विवाद नाही. पोर्तुगीज पक्षाचा मुख्य आधार कालक्रमाचा आहे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, १४९८ मध्ये कालिकतला पाहिलेल्या देवळाजवळच्या दगडी तळ्याला हाच शब्द वापरलेला दिसतो. तोवर पोर्तुगीजांचा गुजरात किंवा महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी संबंध आलेला नव्हता. पूर्व आफ्रिकेतील मालिंदी बंदरातून घेतलेला वाटाड्या गुजराती होता असे काही साधने म्हणतात, पण एका वाटाड्याकडून शब्द इतक्या लवकर रुळावा हे पटण्याजोगे नाही. तेव्हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, पश्चिम किनाऱ्यावर त्याला ध्वनी आणि अर्थ या दोन्हींनी जवळचा देशी शब्द भेटला आणि इंग्रजांच्या कानी दोन्ही पडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, भारताच्या प्रवासवर्णनांतून शिरला. अशा शब्दांच्या शोधात आसगाव (बार्देस) येथे जन्मलेले कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांचे पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रह अजूनही हाताशी ठेवावे लागतात.

तळे या अर्थी : मंगेशी, नागेशी, कवळे येथील देवळांच्या तळ्यांना इंग्रजी पुस्तके ‘टेंपल टँक’ म्हणतात. फोंड्याच्या साफा मशिदीलगतच्या तळ्यालाही तोच शब्द वापरतात. याचे मराठी ‘देवळाची टाकी’ असे केल्यास हसू होते. तळी किंवा तळे म्हणावे. दक्षिण भारतातील ‘इरिगेशन टँक’ म्हणजे बांध घालून अडवलेला तलाव, कर्नाटकातील ‘केरे’. उलट दिशेनेही चूक होते. भारताबाहेरच्या वाचकाला ‘बेदिंग इन द टँक’ असे लिहिले, तर त्याच्या डोळ्यांपुढे पत्र्याचे पिंप उभे राहते. तिथे ‘पाँड’ किंवा ‘पूल’ बरे. साळावली धरणाच्या पाण्याला ‘रिझर्व्हॉयर’च म्हणतात, टँक नव्हे.

रणगाडा या अर्थी : पहिले ब्रिटिश रणगाडे १९१५ मध्ये लिंकन शहरात तयार होत होते. गुप्तता राखण्यासाठी ते पाणी वाहून नेणारी यंत्रे आहेत असे भासवले आणि त्यातून ‘टँक’ हे सांकेतिक नाव पडले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातील सोमच्या (फ्रान्स) लढाईत ते प्रथम उतरले आणि नाव कायम झाले.

व्यवहारात : ‘अ वॉटर टँक’ म्हणजे पाण्याची टाकी, मग ती कोरडी का असेना, ‘अ टँक ऑफ वॉटर’ म्हणजे टाकीभर पाणी. हा भेद मराठीतही आहे, पण भाषांतर करताना हमखास सुटतो. अमेरिकन इंग्रजीत ‘गॅस टँक’ ही गाडीची पेट्रोलची टाकी असते. स्वयंपाकघरातला तो ‘गॅस सिलिंडर’. संडासावरच्या पाण्याच्या टाकीला ब्रिटिश ‘सिस्टर्न’ म्हणतात, आपण ‘फ्लश टँक’. जमिनीखालच्या साठ्याला आपल्याकडे ‘संप’ म्हणतात. ‘सेप्टिक टँक’ व ‘सोकपिट’ एक समजू नयेत. पहिल्यात मैला खाली बसतो व कुजतो, म्हणून ती गळती नसलेली हवी. दुसऱ्यात वरचे पाणी जमिनीत मुरावे अशी योजना असते. ‘टँकर’ म्हणजे द्रव वाहून नेणारे वाहन, तसेच तेलवाहू जहाजही.

क्रियापद म्हणून ‘टँक अप’ म्हणजे टाकी भरून घेणे. ‘द फिल्म टँक्ड’ म्हणजे चित्रपट साफ आपटला. उच्चार ‘टँक्ट’, ‘टँकेड’ नव्हे. टेनिसमध्ये मुद्दाम सामना सोडून देण्यालाही ‘टँकिंग’ म्हणतात. ‘थिंक टँक’ म्हणजे धोरणांचा अभ्यास करणारी संस्था किंवा गट. ‘टँक टॉप’ या बिनबाह्यांच्या कपड्यातील टँक हा पोहण्याचा तलाव असून, हा अर्थ अमेरिकेतला.

उच्चार : इंग्रजी ‘ट’साठी जीभ मागे वळवायची नसते, तिचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लागते आणि थोडा श्वास बाहेर पडतो. अनुस्वार ‘अंक’मधल्यासारखा. ‘थँक’शी गल्लत टाळण्यासाठी, त्या शब्दात जिभेचे टोक दातांच्या कडेशी ठेवून हवा घासत सोडावी. मराठी ‘थ’ही नेमका तो ध्वनी नाही, पण ‘टँक यू’पेक्षा बरा.

बिअरचा ‘टँकर्ड’ (मोठा पेला) हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीपासूनचा आहे. टँकशी त्याचे नाते नाही.