कॉलेजच्या समितीवर विद्यार्थी सदस्य व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

कॉलेजच्या आयक्यूएसीवर, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर, विद्यार्थ्यांतून एक सदस्य घ्यावा असं नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वर्गात विचारून पाहा, बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. मग नाव परस्पर ठरतं आणि त्या विद्यार्थ्यालाही ते सहीपुरतं कळतं. म्हणून ही जागा आपणहून मागायला शिकलं पाहिजे.

शिकवणं, परीक्षा, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांच्याशी सर्वांत जवळचा संबंध आयक्यूएसीचाच. प्राचार्य अध्यक्ष, तीन ते आठ शिक्षक, व्यवस्थापनाचा एक सदस्य, कार्यालयातले काही वरिष्ठ, आणि स्थानिक समाज, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांच्यातून एकेक, शिवाय उद्योगक्षेत्र किंवा पालक अशा घटकांतून कुणी. सदस्यत्व दोन वर्षांचं, दर तिमाहीत किमान एक बैठक. तीन वर्षांची पदवी करत असाल तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्या. शेवटच्या वर्षात नेमणूक झाली तर कामाची ओळख होईपर्यंत निरोप समारंभ येतो.

दुसरी जागा विद्यार्थी तक्रार निवारण समितीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार इथे विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, मुदत एक वर्ष. गुणवत्ता, खेळ किंवा सहशालेय उपक्रमांतली कामगिरी पाहून त्याचं नामनिर्देशन होतं. समितीने तक्रार आल्यापासून १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यामुळे वेळ काढता येणार असेल तरच इथे या.

महाविद्यालय विकास समितीची, म्हणजे सीडीसीची, वाट वेगळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात. तिथे वेगळा अर्ज नाही, आधी परिषदेत यावं लागतं. वर्षात किमान चार बैठका होतात आणि कॉलेजचा विकास आराखडा इथेच ठरतो. तुमच्याकडे परिषदच स्थापन झाली नसेल, तर या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतात. हे प्राचार्यांना लेखी विचारायला अजिबात संकोचू नका.

आता कागद. आयक्यूएसी आणि तक्रार समितीसाठी राज्यभर चालणारा एकच छापील अर्ज नाही. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहायचा, प्रत आयक्यूएसी समन्वयकांना. सोबत चालू वर्षाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, बोनाफाईड आणि मागच्या परीक्षेची गुणपत्रिका. एनएसएस, एनसीसी, खेळ, वक्तृत्व यांची प्रमाणपत्रं असतील तर तीही जोडा. तक्रार समितीसाठी ती विशेष उपयोगी. वर्गशिक्षकांचं शिफारसपत्र मिळालं तर उत्तम.

अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका. दोन प्रती न्या. एक आवक-जावकच्या खिडकीत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. आमच्या वेळी एका मैत्रिणीचा अर्ज कार्यालयात सापडेना. तिच्या प्रतीवर जांभळा शिक्का आणि आवक क्रमांक होता, म्हणून नोंदवही उघडावी लागली आणि तिचं नाव विचारात घेतलं गेलं.

अर्जात ‘मला समाजकार्याची आवड आहे’ यापेक्षा एक ठोस मुद्दा मांडा. समजा, विज्ञान शाखेचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि ग्रंथालयाचं देवघेव काउंटर साडेचारला बंद होतं. कोणत्या वर्गांची, आठवड्यातून किती दिवस अडचण होते हे मोजून लिहा आणि काउंटर पावणेसहापर्यंत सुरू ठेवण्याची मागणी करा. असा अर्ज वाचणाऱ्याला तुमची तयारी लगेच दिसते.

निवड झाल्यावर नियुक्तीपत्र लेखी घ्या, त्यावर मुदत लिहिलेली हवी. पहिल्या बैठकीआधी मागच्या दोन बैठकांची इतिवृत्तं मागून वाचा. बरीच कॉलेजं ती संकेतस्थळावरही ठेवतात. तुमचा मुद्दा बैठकीच्या विषयपत्रिकेत यावा म्हणून समन्वयकांना आधीच लेखी द्या, कारण आयत्या वेळी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. पुढच्या बैठकीत कार्यवाही अहवाल मांडला जातो. त्यात ग्रंथालयाच्या वेळेपुढे काय लिहिलंय ते स्वतः पाहा आणि तो रकाना कोरा असेल तर तिथेच विचारा.