पदविकेने ‘डॉक्टर’ होता येते का?

करवीर, कागल, पन्हाळ्याच्या दूधवाल्या गावांत एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: पशुवैद्यकाची पदविका घेतली की जनावरांचा दवाखाना थाटता येतो. हा समज चुकीचा आहे.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मधील कलम ३० नुसार स्वतंत्र पशुवैद्यकीय व्यवसाय केवळ नोंदणीकृत पदवीधरच करू शकतो, आणि त्या पदवीचा अभ्यासक्रम एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा असतो. कोल्हापूरकरांना त्यासाठीचे जवळचे शासकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. पदविकाधारकाला मात्र, राज्य शासनाच्या आदेशाने आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. आरोग्य प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार त्याला नाही, आणि म्हशीच्या पोटातील तार शस्त्रक्रियेने काढणे हे तर मलमपट्टीच्या जवळपासही येत नाही.

गैरसमजाचे मूळ बहुधा हाकेत आहे. अपरात्री म्हैस अडली की गोठ्यावर जो पहिला पोहोचतो, त्याला सगळे ‘डॉक्टर’च म्हणतात, आणि ते स्वाभाविकही आहे. याचा अर्थ पदविका कमी प्रतीची असा मुळीच नाही: जनावर न बिथरवता आवरणे, लस योग्य तापमानात ठेवणे, ताप व रवंथ पाहून वेळेत पशुवैद्यकाला बोलावणे ही कौशल्ये शिकावीच लागतात. प्रवेश घेताना दवाखान्याच्या पाटीचे आश्वासन कोणी देत असेल, तर कलम ३० त्याच्यासमोर ठेवावे.