हिंदी रॅप इंटरनेटमुळे आलं?

‘इंटरनेट आलं आणि हिंदी रॅप सुरू झालं’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण जुन्या गाण्याखाली नेटवर ते चढवल्याची तारीख दिसते, निघाल्याची नाही.

प्रत्यक्षात 1992च्या सुमारास हिंदी रॅपच्या कॅसेटी दुकानांत धडाक्यात खपत होत्या. ते गाणारा कलाकार त्याच दशकात सिनेमाचा नायकही झाला! 1994च्या ‘कादलन’ या तमिळ चित्रपटातही रॅप आहे.

खात्री करायचीय? माळ्यावरची कॅसेट काढा. आतल्या कागदाच्या कडेला, बारीक अक्षरांत, गोलातल्या ‘पी’शेजारी वर्ष असतं. ते ध्वनिमुद्रण प्रथम प्रसिद्ध झाल्याचं. गोलातला ‘सी’ मजकूर-चित्रांच्या हक्काचा, त्यात गल्लत नको.