न्यायवैद्यक मत हवे आहे? फक्त शेवटचे पान पाठवू नका

आमच्याकडे न्यायवैद्यक मतासाठी, म्हणजे कोर्टात किंवा दाव्यात लागणाऱ्या वैद्यकीय मतासाठी, येणाऱ्या बहुतेक पाकिटांत एकच कागद असतो: पीएम रिपोर्टचे, म्हणजे शवविच्छेदन अहवालाचे, शेवटचे पान. त्यावर मृत्यूचे कारण लिहिलेले असते आणि सोबत विचारणा असते, "हे बरोबर आहे का?" त्या एका पानावरून ते कोणालाच सांगता येणार नाही. मग आमचा फोन जातो, उरलेल्या पानांची शोधाशोध होते, नकलेसाठी अर्ज केला जातो आणि तोवर सुनावणीची तारीख येऊन ठेपते. हा वेळ वाचावा म्हणून हे पत्रक.

शेवटच्या पानावर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे मत असते. ते मत ज्यांवरून बनले ती निरीक्षणे आतल्या पानांवर असतात, आणि दुसरा तज्ज्ञ तपासू शकतो ती निरीक्षणेच. उदाहरणार्थ, डोक्यावर ५ सेंमी लांबीची सरळ जखम आहे आणि मत आहे, "धारदार शस्त्राने झालेली". आतल्या पानावर त्याच जखमेचे वर्णन असे: कडा किंचित खरचटलेल्या, केसांची मुळे चिरडलेली, तळाशी दोन्ही कडांना जोडणारे ऊतींचे धागे शाबूत. सुरीचे पाते फिरले असते तर ते धागे कापले गेले असते. म्हणजे ही जखम बोथट आघाताने फाटलेली आहे. डोक्याची कातडी कवटीच्या हाडावर ताणलेली असते, त्यामुळे दणका बसला की ती सरळ फाटते आणि वरवर पाहता कापल्यासारखी दिसते. कोणी वार केला की माणूस पायरीवर आपटला, याचा धागा त्या दोन ओळींत असतो. त्या ओळीच आमच्यापर्यंत आल्या नाहीत तर आम्ही काय तपासायचे?

मृत्यूपूर्वी उपचार झाले असतील तर रुग्णालयाचे केसपेपरही तितकेच महत्त्वाचे. छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न करताना पुढच्या बाजूच्या बरगड्या मोडणे नेहमीचे आहे. केसपेपर समोर नसेल तर तीच मोडतोड मारहाणीची वाटू शकते. छातीत नळी घालण्यासाठी दिलेला छेद भोसकल्याच्या जखमेसारखा दिसतो, आणि भोसकलेली जखम शस्त्रक्रियेत वाढवून शिवली असेल तर तिचे मूळ माप शवविच्छेदनात मिळतच नाही. ते मिळाले तर पहिल्या तपासणीच्या नोंदीत. म्हणून नर्सच्या नोंदींसह सगळे कागद आम्ही मागतो. अनेकांना हा हट्ट वाटतो. पण मत फिरवणारी नोंद बहुधा अशाच दुर्लक्षित कागदावर सापडते.

कारण, प्रक्रिया आणि प्रकार

"हृदयक्रिया बंद पडून मृत्यू" असे लिहिले आहे, मग विमा का अडला, हा प्रश्न आम्हाला सतत येतो. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते; ती झाली मृत्यूची प्रक्रिया. ते का पडले, हे कारण. समजा घसरून पडल्याने मांडीचे हाड मोडले, माणूस अंथरुणाला खिळला, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि काही आठवड्यांनी ती फुप्फुसात अडकून मृत्यू आला. गुठळी हे तात्कालिक कारण, पण साखळी सुरू झाली पडण्यापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यातील मृत्यू प्रमाणपत्रात ही साखळी अशीच लिहितात: वरच्या ओळीत तात्कालिक कारण, सर्वांत खालच्या ओळीत मूळ कारण. दावा पाहताना आधी ती खालची ओळ वाचा.

मृत्यूचा प्रकार ही वेगळी गोष्ट: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या किंवा अनिश्चित. तो केवळ शरीरावरून ठरत नाही. बुडून मृत्यू झाला हे शवविच्छेदनातून कळू शकते. पाय घसरला, उडी मारली की ढकलले, हे बहुतेक वेळा घटनास्थळ आणि साक्षीपुरावेच सांगतात.

मृत्यूची नेमकी वेळ

घड्याळातली वेळ मागू नका, कालावधी विचारा. मृत्यूनंतरचा ताठरपणा साधारण जबड्याकडून जाणवू लागतो आणि सुमारे १२ तासांत सर्वांगात पसरतो. उष्णतेत तो लवकर येतो, थंडीत उशिरा. शरीर किती निवले यावरून अंदाज बांधण्यासाठी न्यायवैद्यक तज्ज्ञ क्लाउस हेन्स्गे यांचा तक्ता जगभर वापरतात. त्यातही परिस्थिती अनुकूल असताना अंदाज २.८ तास मागेपुढे धरावा लागतो. अंगावरचे कपडे, शरीराचे वजन, खोलीचे तापमान आणि शव कधी तपासले ही वेळ, यांची नोंद असेल तर जरूर पाठवा. शवावरच्या निळसर डागांची जागाही उपयोगी पडते. रक्त खाली उतरून डाग पडतात आणि साधारण ८ ते १२ तासांत ते पक्के होतात. शव पालथे सापडले आणि पक्के डाग पाठीवर असले, तर मृत्यूनंतर कोणीतरी ते हलवले आहे.

आमची पद्धत

आम्ही फोनवर मत देत नाही आणि हवे ते मत लिहून देत नाही. शुल्क कागद वाचून कारणांसह मत मांडण्याचे असते. मत कोणाच्या बाजूचे निघाले यावर शुल्क अवलंबून नसते. म्हणूनच उलटतपासणीत आमचे मत टिकते. आधी आम्ही प्राथमिक वाचन करतो. तुमच्या उपयोगाचे काही निघत नसेल तर तसे स्पष्ट कळवतो, म्हणजे पुढचा खर्च टळतो. वकिलांना उलटतपासणीचे मुद्देही आम्ही काढून देतो. त्यासाठी तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान काही आठवडे आधी या.

कागद पाठवताना प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. जखमा दाखवणारी शरीराची आकृती अनेकदा मागच्या बाजूला असते. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे भाग) राखून ठेवल्याची नोंद असेल तर रासायनिक तपासणीचा अहवाल जोडा. तो आला नसेल तर तसे लिहा. फोटो मूळ फाइल म्हणून पाठवा, कारण मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोत जखमेच्या कडा पुसट होतात. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो असतील तर ते आधी पाठवा.

आणि एक विनंती. रुग्णालयाने परत दिलेले कपडे घरी असतील तर ते धुऊ नका आणि ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. आमच्याकडेही आणू नका. आहेत तसे तपास यंत्रणेच्या हवाली करून पावती घ्या, आणि त्या पावतीची प्रत आम्हाला पाठवा.