‘ओएमजी’ मोबाइलच्या कितीतरी आधीचा

‘चॅटिंगमुळे इंग्रजीत शॉर्टफॉर्म घुसले, नाहीतर ती भाषा शुद्ध होती’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भाषेची काळजी रास्तच आहे, पण शॉर्टफॉर्म चॅटिंगच्या फार आधीपासून आहेत.

‘ओके’ घ्या. १८३९ साली तो बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि त्यातली ‘ओ’ आणि ‘के’ ही आद्याक्षरं घ्यायची, अशी ती गंमत होती. तेव्हा असले शॉर्टफॉर्म करायची टूमच निघाली होती. बाकीचे बहुतेक विरले, हा टिकला, आणि आज तो कुणाला खटकतही नाही. ‘ओएमजी’ तर १९१७च्या एका पत्रात सापडतो, तेही ब्रिटिश नौदलाच्या वयोवृद्ध ॲडमिरलच्या! त्याने पुढे कंसात ‘ओह माय गॉड’ असं पूर्ण रूपही लिहिलं होतं.

पडताळायचं असेल तर इंग्रजीचा ऐतिहासिक शब्दकोश उघडा. शब्दाचा सापडलेला सर्वांत जुना वापर तिथे सालासकट दिलेला असतो. मात्र कोशात आला म्हणून शब्द सगळीकडे चालतो असंही नाही. नोंदीशेजारी ‘अनौपचारिक’ असा शेरा असेल, तर तोही वाचा. मित्राला ‘एलओएल’ (‘लाफिंग आउट लाउड’, म्हणजे मोठ्याने हसणं) लिहिण्यात चूक काहीच नाही, नोकरीच्या अर्जात मात्र ते शोभत नाही.