घरचं दही आणि डब्यावरचं ‘प्रोबायोटिक’

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांजवळ गेला की सकाळी लावलेलं दही जेवणाच्या वेळेपर्यंत लागतं आणि संध्याकाळी आंबटढाण होतं. डिसेंबरात तेच पातेलं शालीत गुंडाळून रात्रभर ठेवावं लागतं. विरजणात बहुधा अनेक जातींचे जिवाणू असतात. लॅक्टोकॉकस २५ ते ३० अंशांवर जोमात वाढतो, तर स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसला ४० ते ४५ अंश मानवतात. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढून सामू (pH) ४.६च्या आसपास उतरला की केसिन हे प्रथिन साकळतं आणि दही बसतं.

‘दूध बाधतं, पण दही चालतं’ असं सांगणारी माणसं घरोघरी भेटतात. ती खरंच बोलतात. मोठेपणी अनेकांच्या लहान आतड्यात लॅक्टोज फोडणारं विकर (एन्झाइम) कमी पडतं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, पोट फुगतं, जुलाब होतात. दह्यात लॅक्टोज आधीच थोडं कमी झालेलं असतं. शिवाय थर्मोफिलस आणि बल्गेरिकस या जिवाणूंच्या पेशीत ते फोडणारं विकर असतं. पेशीच्या आवरणामुळे ते जठरातल्या आम्लातून बऱ्यापैकी वाचतं. पुढे पित्तामुळे पेशी फुटते आणि विकर नेमकं हवं तिथे मोकळं होतं. म्हणजे जिवाणू मरतो, पण काम करून! मला दह्याचा हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग प्रोबायोटिक दही वेगळं कशात? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये व्याख्या केली: पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. हा फायदा त्या-त्या वाणापुरता, म्हणजे जिवाणूच्या जातीतल्या विशिष्ट प्रकारापुरता, सिद्ध करावा लागतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या वाणाने मुलांना अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी होतात, असं चाचण्यांत दिसलं आहे. तो गुण दुसऱ्या वाणाला आपोआप लागू होत नाही. म्हणून डबा घेताना जिवाणूचं पूर्ण नाव आणि संख्या बघा, साखरही बघा. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाला प्रोबायोटिक देण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

आणि आपली गोळा-कढी, म्हणजे डाळीचे गोळे सोडलेली ताकाची कढी? उकळल्यावर त्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र मिळतात. जिवाणू हवे असतील तर सोबत वाटीभर ताजं दही किंवा मठ्ठा घ्या.